सकाळचं रूटीन चौथ्या दिवशी बंद पडतं? गजर अलीकडे ओढण्याआधी हे तपासा

माझं सकाळचं रूटीन गेल्या सात वर्षांत नऊ वेळा बंद पडलं आणि नऊ वेळा मी ते पुन्हा चालू केलं. मधल्या काळात नाशिकच्या बहिणीचं, ऑफिसातल्या दोघींचं आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचंही लावून दिलं. एवढ्या खटाटोपानंतर कळलं की बिघाड फिरून फिरून त्याच पाच-सहा ठिकाणी असतो.

आमचं घर सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. डोंबिवली, वन बीएचके, सासूबाई धरून पाच माणसं. मोठी सातवीत, तिची बस ६:५० ला. धाकटा दुसरीत, तो साडेआठला निघतो. मला ८:२० ची फास्ट लोकल. सोसायटीचं पाणी पहाटे साडेपाच ते सव्वासहा. ज्यांच्याकडे पोळ्यांना बाई आहे आणि मुलांना वेगळी खोली आहे, त्यांचं काम पहिल्या तीन तपासण्यांतच होऊन जाईल.

लक्षणं

आधी आपलं लक्षण कोणतं ते नीट ओळखा. सगळ्यांचं रूटीन ‘बंद पडतं’, पण पडण्याची तऱ्हा वेगवेगळी असते.

- पहिले तीन दिवस झकास जातात, चौथ्या दिवशी गजर कधी बंद केला तेही आठवत नाही. (तपासणी १ आणि २)
- उठता येतं, पण चटई अंथरली की हाक येते: “आई, माझा निळा सॉक्स?” (४ आणि ६)
- रूटीन पार पडतं, पण दुपारी तीनला स्क्रीनसमोर डुलक्या आणि संध्याकाळी मुलांवर खेकसणं. (२. याला यशस्वी रूटीन म्हणू नका.)
- सोमवार ते शुक्रवार चालतं, पण पुढचा सोमवार उजाडतच नाही. (२)
- गणपती, परीक्षा, पाहुणे यांत एकदा मोडलं की महिनाभर परत लागत नाही. (३)
- तुमचं छान चाललंय, पण घरातलं दुसरं कुणीतरी सकाळभर भांडी आपटतंय. (६)
- वरचं सगळं ठीक असूनही अंगात त्राणच नाही. (थेट शेवटचा भाग वाचा.)

तपासण्या फुकट आणि सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. मधली गाळून पुढे जाऊ नका. मी दोनदा थेट सहावीवर उडी मारली होती. घरात भांडण झालं, आणि नंतर कळलं की बिघाड पहिलीतच होता.

त्याआधी तीन दिवस फक्त नोंद करा. कॅलेंडरच्या पानामागे रोज तीन वेळा लिहायच्या: रात्री डोळा किती वाजता लागला, सकाळी पाय जमिनीला किती वाजता टेकले, आणि पहिली हाक किती वाजता आली. या तीन आकड्यांशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

१. गजर कुठे आहे?

फोन उशाशी असेल तर पहिला संशयित तोच. स्नूझ दाबायला जागं व्हावं लागत नाही, हात आपोआप जातो. आणि उठलात तरी गजर बंद करायला फोन हातात आला की त्यात फुलांच्या चित्रावर लिहिलेले सतरा सुप्रभात असतात, खाली शाळेच्या ग्रुपवरची सूचना असते, आणि वीस मिनिटं गेलेली असतात.

फोन लांब ठेवा हा सल्ला सगळेच देतात. वन बीएचकेत तो अर्धाच उपयोगी. मी फोन फ्रिजवर ठेवला, गजर झाला, मी उठले आणि माझ्याबरोबर धाकटाही उठला. त्याला थोपटून परत झोपवण्यात पाऊण तास गेला आणि त्याच्याबरोबर मीही झोपले. शेवटी माळ्यावरून जुना बटणांचा फोन काढला. त्यात सिम नाही, आवाज बंद, फक्त थरथर. तो उशीखाली. शेजारच्याला कळत नाही आणि त्यावर बघण्यासारखं काहीही नाही. ज्यांच्याकडे थरथरणारा मनगटी पट्टा आहे त्यांचं आणखी सोपं.

उठल्या उठल्या डोकं जड असेल तर घाबरू नका. जाग आल्यावर पंधरा ते तीस मिनिटं मेंदू मंद असतो, हे सगळ्यांचंच होतं. “आज नको” हा निर्णय त्या वेळी घ्यायचा नाही, एवढंच. मी त्या वेळात मोटारीचं बटण दाबते आणि पाणी भरते. त्याला मेंदू लागत नाही.

२. झोपेची वजाबाकी

आता कॅलेंडरच्या पानामागचे आकडे काढा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. तुम्ही पाचला उठणार असाल तर दहाला डोळा लागलेला हवा. म्हणजे अंगाला अंथरूण पावणेदहाला. तुमच्या ओट्यावरचं शेवटचं भांडं किती वाजता पालथं पडतं?

माझं पान असं होतं: ११:३५ ते ४:४५. पाच तास दहा मिनिटं. तीन दिवस हौसेवर निघतात, चौथ्या दिवशी शरीर उधारी वसूल करतं. मी मात्र तेव्हा त्याला आळस म्हणत होते आणि गजर साडेचारवर नेत होते.

दुरुस्ती उलट्या टोकाने करायची. उठण्याच्या वेळेला हात लावू नका. आधी झोपण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, चार-पाच दिवस तिथे टिकवा, मग पुढची पंधरा. मला साडेअकरावरून साडेदहावर यायला जवळजवळ महिना लागला. रात्री जेवणानंतरचा चहा आमच्याकडे घरातला रिवाज होता. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊच्या चहाचा अर्धा अंमल पहाटे दोनलाही असतो. तो चहा सोडणं मला रूटीनपेक्षा जड गेलं, खोटं कशाला बोलू.

आणि रविवार. रविवारी नऊपर्यंत लोळलात तर रात्री अकरालाही झोप येत नाही आणि सोमवार तिथेच गेला. सुट्टीला तासाभरापेक्षा जास्त फरक ठेवू नका. दुपारची वामकुक्षी खुशाल घ्या, अर्ध्या तासाची.

३. यादी केवढी आहे?

माझी पहिली यादी: कोमट पाणी, बारा सूर्यनमस्कार, वीस मिनिटं ध्यान, दहा पानं वाचन, डायरी, इंग्रजीचे पाच नवे शब्द. दीड तास. अशा याद्या जो माणूस सुचवतो त्याचा डबा बहुधा दुसरं कुणीतरी भरत असणार.

एक गोष्ट ठेवा. बारा मिनिटांत बसेल अशी. कोणती ते ठरवायला मी विचारते की दिवसभरात दुसऱ्या कुठल्याच वेळी न होणारी गोष्ट कोणती? वाचन माझं लोकलमध्ये होतं, तिघांच्या बाकावर कडेला चौथी सीट मिळाली तरी होतं. इंग्रजी शब्द कानात घालून ऐकता येतात. व्यायाम मात्र सव्वातासाच्या प्रवासातही नाही आणि संध्याकाळी आठला घरी आल्यावर तर नाहीच. म्हणून सकाळ व्यायामाला. ऑफिसातल्या एकीला जिने चढून-उतरून व्यायाम होतो, पण शांत बसायला जागा नाही, तिने सकाळी दहा मिनिटं नुसतं गॅलरीत बसायचं ठरवलं. तेही रूटीनच.

त्याचंच एक लहान रूप बाजूला काढून ठेवा, चार मिनिटांचं. गणपतीत, परीक्षेत, घरात पाहुणे असताना ते करायचं. आणि खंड पडला तर परत सुरुवात बारा मिनिटांनी करायची नाही, या चारांनीच. ज्यांचं सणानंतर परत लागत नाही ते बहुतेक सगळे पूर्ण डावाने सुरुवात करत असतात.

४. आदली रात्र

इथे सगळ्यात जास्त माल आहे.

एकदा मी दोन आठवडे सकाळच्या हाका लिहून काढल्या. ६:०० ते ६:५० मधल्या हाकांमध्ये भूक, दुखणं किंवा प्रेम यांसाठी फार थोड्या निघाल्या. बाकी सगळ्या वस्तूंच्या होत्या. सॉक्स. डायरीवर सही. पाण्याच्या बाटलीचं झाकण. क्राफ्टसाठी दहा रुपये. आणि एक दिवस सहा पंचवीसला: “आज चार्ट पेपर न्यायचाय, काल सांगायचं राहिलं.” सहा पंचवीसला डोंबिवलीत चार्ट पेपर मिळत नाही. मी मागच्या वर्षीच्या चार्टची कोरी बाजू वर करून गुंडाळून दिला. सूर्यनमस्कार दोन झाले होते.

त्यावर उपाय म्हणजे रात्री नऊची पाच मिनिटं. टीव्ही बंद, दोघं पोरं दप्तरं घेऊन दाराशी. वेळापत्रक बघून दप्तर भरायचं, डायरी उघडून माझ्यासमोर धरायची, सॉक्स बुटात कोंबायचे, बाटल्या ओट्यावर. आणि एकच प्रश्न: “उद्या काही न्यायचंय का?” पहिल्या आठवड्यात उत्तर “नाही” असतं आणि सकाळी ‘हो’ निघतं. त्या दिवशी वस्तूशिवाय जाऊ द्यावं लागतं. बाईंकडून डायरीत शेरा येतो. दोन शेऱ्यांनंतर आमच्या मोठीला रात्रीच आठवायला लागलं. इथे आईचा जीव वरखाली होतो, पण तुम्ही धावून पेपर आणलात तर ही तपासणी नापास.

डब्याचं काम असं हलवलंय: मेथी रात्री निवडून ठेवायची, धुवायची सकाळी. भेंडी मात्र रात्री धुऊन, पुसून, फडक्यावर पसरायची, म्हणजे सकाळी चिरताना तार सुटत नाही. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये. कणीक मळून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात. हवा लागली की ती काळपट पडते आणि सासूबाई ती पोळी उजेडाला धरून बघतात. लसूण रविवारी सोलून बरणीत, आठवडाभर पुरतो. एवढ्याने माझी सकाळची पंचवीस मिनिटं सुटली, आणि तीही एका सलग तुकड्यात.

रात्रीचं काम वाढलं असं वाटेल. वाढतं, सुरुवातीला. म्हणून दुसरी तपासणी आधी ठेवली आहे. साडेदहाला झोपायचं ठरलेलं नसेल तर ही तयारी करता करता पावणेबारा होतात आणि आपण परत पहिल्या लक्षणावर येतो.

५. वेळ चुकीची आहे का?

पहाटे उठण्यावर आपल्याकडे इतकं पुण्य चढवलंय की सात वाजताच्या व्यायामाला कुणी रूटीन मानतच नाही. ब्राह्ममुहूर्ताचा हिशोब करून बघा: सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत. मुंबईकडे जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास, म्हणजे तो सुरू होतो पावणेसहाच्या जरा आधी. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या आसपास, तेव्हा साडेचारच्या आत. घड्याळात बारा महिने चारचा गजर लावणं हे शास्त्रातलंही नाही.

घरात आधीपासून पडलेली फट शोधा. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. तेव्हा मी खूप वैतागले होते, कारण दोन मुलांच्या दोन वेळा झाल्या, दोनदा डबा, दोनदा आवराआवर. पण त्यातूनच फट तयार झाली: मोठीची बस गेली की ७:०५ ते ७:२५, धाकटा उठेपर्यंत. ती फट पुढे वर्षभर माझ्यासमोर पडून होती आणि मी ४:४५ ला धडपडत होते. ती सापडली कशी ते शेवटी येईल, कारण त्यात माझ्या हुशारीचा काही भाग नाही.

तुमची फट दुसरीकडे असेल. बहिणीची ती मुलाच्या स्विमिंगच्या वेळी सापडली, काठावर खुर्चीत बसण्याऐवजी ती मैदानाला चार फेऱ्या मारते. ते संध्याकाळी सहाला होतं. तिला मी सांगितलं, नाव सकाळच्या रूटीनचंच राहू दे, कुणाला कळतंय.

६. कुणाच्या जिवावर चाललंय?

ही तपासणी फुकट आहे, पण सगळ्यात महाग पडते.

खालचे काका पंधरा वर्षं पहाटे पाचला उठून फिरायला जात, मग प्राणायाम, मग पेपर. आम्हाला त्यांचं उदाहरण देत. काकू महिनाभर पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी काकांचं रूटीन बंद. पाणी कोण भरणार, दूध कोण तापवणार, कुकर कोण लावणार? ते मला म्हणाले, “अगं, वेळच पुरत नाही सकाळी.” रूटीन काकांचं होतं, सकाळ काकूंची वापरली जात होती. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात हेच आकड्यांत आहे: घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालतात, पुरुष ९७. तुम्ही पुरुष असाल आणि तुमचं रूटीन सुरळीत चालत असेल, तर एक आठवडा पाणी आणि डबा अंगावर घेऊन बघा. तरीही टिकलं तर ते तुमचं.

बाकीच्यांनी मागायचं असतं, आणि नेमकं मागायचं असतं. “मला जरा मदत करत जा” याला “हो” म्हणतात आणि काही होत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “७:०५ ते ७:२५ मला कुणी हाक मारायची नाही. धाकटा उठला तर तू.” पहिल्या सकाळी चटईवर असताना ऐकू आलं:

“बाबा, माझ्या डब्याचं झाकण?”

“आईला विचार.”

“आई योगा करतेय.”

मग बराच वेळ कपाटं उघडण्याचा आवाज. झाकण खालच्या कप्प्यात डावीकडे होतं. मला माहीत होतं. उठायचं नाही, एवढाच त्या दिवशीचा व्यायाम झाला. सात मिनिटांनी झाकण सापडलं, आणि त्यानंतर ते कुठे असतं हे घरात दोघांना माहीत आहे.

सासूबाईंचं वेगळं. “आम्ही कुठे केला होता व्यायाम? घरकामातच होत होता.” यावर वाद घातलात तर हरलात. मी म्हटलं, “आई, तुमचे गुडघे दुखतात ना, मलाही तेच होणार. तुम्ही माझ्या शेजारी खुर्चीत बसून पाय हलवायचे तेवढे हलवा.” त्या बसल्या. आता मला उशीर झाला तर त्याच विचारतात, “आज नाही का गं तुझं?”

इथे थांबा आणि डॉक्टरांना गाठा

खालच्यापैकी काही असेल तर वरच्या तपासण्या सोडा. त्यांनी ते सुटणार नाही, उगाच महिने जातील.

तीन आठवडे सलग सात-आठ तास झोपूनही थकवा जात नाही, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, वजन कारण नसताना वाढतंय, पाळीत जास्त रक्त जातं: फॅमिली डॉक्टरांकडे जा, ते बहुधा सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी सांगतील. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अशक्तपणा आजारात मोडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. तेव्हा ‘मलाच कसं जमत नाही’ म्हणण्याआधी रक्त तपासा.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं दुखणं: हे बहुधा जोडीदारच सांगतो, त्याचं ऐका. ही झोपेतला श्वास थांबण्याची लक्षणं आहेत, गजराने त्याचं काही होत नाही. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच जा, सोमवारची वाट बघू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नाही: हा शिस्तीचा प्रश्न नाही. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आत्ताच फोन करा आणि घरच्या एकाला तरी सांगा. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी तर रूटीनचं हे सगळं वर्षभर बाजूला ठेवा. बाळ झोपलं की झोपा, आणि रडू थांबत नसेल तर, तुमचं म्हणतेय, बाळाचं नाही, डॉक्टरांना सांगा.

माझं सांगते. पहिल्या चारही तपासण्या मी पास झाले होते, तरी बसल्या बसल्या डोळे मिटत. गल्लीतल्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. दोन वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते. लोहाची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, आणि डॉक्टरांनी बजावलं की तिच्या आगेमागे तास-दोन तास चहा नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. मोठीची बस गेल्यावरचा माझा तो एक निवांत कप, फोन बघत बघत वीस मिनिटं पुरवलेला, गेला. दुसऱ्या दिवशी ७:०५ ला मी ओट्याशी रिकाम्या हाताने उभी होते. धाकटा झोपलेला, सासूबाई पूजेत, गॅसवर काही नाही. पाच मिनिटं नुसतीच उभी राहिले आणि मग कपाटामागची चटई काढली.